लॉनच्या गेटावरचा नांगर

सौंसरहून नागपूरकडं निघालं, की रस्त्याला लागून एक लग्नाचं लॉन आहे. त्याच्या गेटाजवळ सिमेंटच्या ओट्यात एक लोखंडी नांगर रोवलेला आहे. त्याला सोनेरी रंग मारलाय आणि खाली हिंदीत पाटी लावलीय, ‘हमारी धरोहर’. वऱ्हाडी मंडळी त्याच्यापाशी उभी राहून फोटो काढतात. तो नांगर मी दिला. माझा नव्हता, तरी दिला. नागपूरला जाताना मी बसमध्ये त्या बाजूची खिडकी घेत नाही.

मी लोहार. म्हणजे बाप लोहार होता, मी वेल्डिंगवाला. फरक आहे त्यात, आणि तो मला कोणी शिकवायची गरज नाही. बाप भात्यावर लोखंड तापवायचा, रंग पाहून त्याला पाणी द्यायचा, फाळ ऐरणीवर वाजवायचा आणि सांगायचा, हा दोन हंगाम जाईल, हा तीन. मी बटण दाबतो. गेट, ग्रिल, शटर, ट्रॉलीचा तुटलेला हूक, ट्रॅक्टरच्या नांगराचे झिजलेले फाळ. लोक मिस्त्री म्हणतात, पोट भरतं. बैलाचा नांगर वर्षातून दोन-तीनदा दुकानात येतो, आणि आला की मी बाकी सगळं बाजूला सारतो. बायको ओरडते, "अवो, लोकांचं गेट तसंच पडून राह्यलं, अन् तुम्ही त्या जुन्या लोखंडाले कुरवाळून राह्यले!" ओरडू दे.

काकाजींचा नांगर असाच आला होता. काकाजी नात्यातले नव्हेत, पण बापाच्या वेळेपासून आमच्या दुकानाशी बांधलेले. जामसांवलीच्या अंगाला त्यांची संत्र्याची बाग. पंच्याहत्तरीचा बुटका माणूस, आणि बोलणं इतकं हळू, की ते आले की मला ग्राइंडर बंद करावा लागे. मुलगा नागपुरात नोकरीला. घरी काकाजी, काकू आणि एक बैलजोडी. त्यांचा नांगर माझ्या बापानंच जोडून दिलेला. बाप नांगराचं रुमणं, म्हणजे मागची धरायची मूठ, गिऱ्हाइकाला समोर उभं करून त्याच्या कमरेच्या मापानं वाकवायचा. काकाजींचं रुमणं एवढं खाली होतं, की माझ्यासारख्याचा अर्ध्या दिवसात कणा मोडला असता. त्या रुमण्यावर छिन्नीनं मारलेले तीन ठिपके होते. बापाला लिहिता येत नव्हतं, ती त्याची सही.

मृगाच्या तोंडावर काकाजी गाडीत नांगर टाकून आले. फाळ ज्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तुकड्यावर बोल्टानं बसतो, त्या तुकड्याला आरपार चीर गेली होती. फाळाचं नाकही घासून बोथट झालं होतं.

"घाई नाही, बाबू," ते म्हणाले. "आता वखराचं, डवऱ्याचं काम. हा मले थंडीत लागंन, ताण तोडाच्या वेळेस. तवा नेईन."

झालं. चिठ्ठी नाही, पावती नाही. आमच्याकडं लोहाराच्या दुकानात टाकलेल्या वस्तूची कोणी पावती मागत नाही. मागितली तर माझा बाप ती वस्तू उचलून रस्त्यावर ठेवायचा.

हा ताण काय असतो ते सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे. पावसाळा सरून थंडी पडली, की संत्र्याचं पाणी तोडतात. महिना-दीड महिना झाडाला तहानलेलं ठेवायचं. पानं मलूल होतात, वळायला लागतात. मग झाडांच्या दोन ओळींमधून हलका नांगर फिरवायचा, खत टाकायचं आणि पाणी सोडायचं. तहानलेलं झाड मग अंगभर फुलतं. पण दिवस नेमका साधला पाहिजे. लवकर पाणी दिलं तर फूल कमी येतं. उशीर झाला तर झाड शेंड्याकडून वाळत येतं. तो दिवस काकाजी पान बोटांत धरून ठरवत. त्यांची बाग जुनी, ओळी दाट, फांद्या जमिनीला टेकलेल्या. ट्रॅक्टर आत घातला तर फांद्या मोडतात, वरवरची मुळं तुटतात. म्हणून त्यांना बैल लागत होते आणि म्हणून तो नांगर लागत होता. म्हातारा-म्हातारीचं अख्खं वर्ष त्या दोन-चार दिवसांच्या नांगरणीवर टिकलेलं होतं.

आणि मी तो नांगर चांगला केला होता हो. बिडाला वेल्डिंग धरत नाही. धरल्यासारखं दिसतं आणि पहिल्या दगडाला सुटतं. म्हणून मी पांढुर्ण्यापर्यंत भंगारवाल्यांच्या ढिगांत हात घालत फिरलो आणि तसाच एक जुना तुकडा मिळवला. असले तुकडे आता कोणी ओतत नाही. त्याचा गंज काढला, भोकं जुळवली, नवे बोल्ट कसले. फाळासाठी तर बापाचा भाता बाहेर काढला. पहिल्या खेपेला पाणी जास्त झालं, नाक कचकन तुटलं. बापाच्या नावानं दोन शिव्या हासडल्या, आणि दुसऱ्या खेपेला रंग बरोबर सापडला. ऐरणीवर वाजवला तर असा खणखणीत वाजला, की बायको चुलीपासून उठून पाहायला आली. मग पोत्याखाली झाकून कोपऱ्यात ठेवला.

पुढं पोळा आला. आदल्या वर्षी जनावरांच्या लंपी रोगाच्या भीतीनं पोळा भरलाच नव्हता, म्हणून या वर्षी माणसं हौसेनं बैल सजवून आली. झुली, शिंगांना बेगड, डफडं. मी तोरणाजवळ उभा होतो. काकाजींची जोडी दरवर्षी रांगेच्या शेवटाला यायची, साधी, शिंगं तेवढी रंगवलेली. त्या दिवशी नाही आली. माझ्या शेजारच्यानं रांगेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि तंबाखू मळायला लागला. मीही काही बोललो नाही.

आमच्याकडं हे असंच आहे. पोळ्याला ज्याची जोडी दिसली नाही, त्यानं ती विकली, असं सगळे धरून चालतात. आणि एकदा तसं धरलं, की त्याला कोणी त्याबद्दल विचारत नाही. कोणाच्या घरी माणूस गेलं आणि आपण दारात जाऊन विचारलं, ‘काहो, कसं काय गेलं?’, तर बरं दिसेल का? तसंच हेही. बैल विकलेल्या माणसाशी पाण्यापावसाचं बोलायचं, मुलाबाळांचं विचारायचं, पण बैलांचं नाव काढायचं नाही. ही आमची मोठी सभ्यता. घाला चुलीत ती सभ्यता.

दसऱ्याच्या सुमारास काकाजी बाजारात भेटले. चेहरा उतरलेला, डोळे आत गेलेले. मला वाटलं, बैलांचं दुःख. मी म्हणालो, "काकाजी, बरं आहे ना?" ते म्हणाले, "बरं आहे, बाबू." मी संत्र्याच्या भावावर बोललो, त्यांनी मान हलवली. नांगराचं त्यांनी विचारलं नाही, मी काढलं नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "एक खेप इचारून तं पाहा."

"काहून इचारू? जखमेवर मीठ चोळू का?"

"मंग नांगर काय करता?"

"राहू दे पडून," मी म्हणालो. आणि तो पडूनच राहिला असता, तर आज मला हे लिहायची वेळ आली नसती.

दिवाळीनंतर तो लॉनवाला आला. नवीन लॉन, गेटाचं काम माझ्याकडं. माप घेता-घेता त्याची नजर कोपऱ्यात गेली, त्यानं पोतं उचललं. "अरे वा, ओरिजिनल! मिस्त्रीजी, हे तर मला गेटावर पाहिजे. हे कोणाचं काम?"

"माझ्या बापाच्या हातचं."

"मग तर झालंच. तुमच्या बाबांच्या नावाची पाटी लावू. येणारा-जाणारा वाचेल."

इथं मी वाहवत गेलो. पैशासाठी गेलो असं कोणाला वाटत असेल तर त्याची मर्जी. जे मिळालं ते मी काकाजींना द्यायचं म्हणून डब्यात वेगळं ठेवलं होतं, आणि द्यायला जायचं म्हणजे बैलांचा विषय निघणार, म्हणून गेलो नव्हतो. मी गेलो तो बापाच्या नावापायी. जन्मभर माणसानं गावाचे फाळ पाजवले, आणि त्याचं नाव कुठं म्हणून नाही. स्मशानातल्या लाकडांच्या पावतीवर होतं, तेवढंच. ते नाव नागपूरच्या रस्त्यावर लागणार! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. नांगर मी स्वतः टेम्पोत चढवला आणि फाळाला ओरखडा पडू नये म्हणून खाली गोधडी घातली.

जानेवारीत एका सकाळी दुकानासमोर बैलगाडी थांबली. गाडीला दोन बैल होते. तेच. एकाच्या अंगावर जागोजागी केस गेलेले, कातडीला वण पडलेले, पण उभा होता चांगला. काकाजी गाडीतून उतरले आणि हळूच म्हणाले, "बाबू, नांगर दे. पानं वळली. उद्या जुंपतो."

मी हातातला पान्हा खाली ठेवला. मी बैलाकडं बोट दाखवलं.

"याले लंपी झाली होती ना," ते म्हणाले. "ऐन पोळ्याच्या आठ दिवस आधी गाठी निघाल्या. पोळ्यात नेला असता तं दुसऱ्याच्या बैलाले लागली असती. दोघांचीबी गोठ्यातच पूजा केली. तुया काकूनं अन् मी दोन महिने जखमा धुतल्या. वाचला बापा."

"पण काकाजी, कोणाले सांगितलं नाही?"

"काहून सांगू? लोक उगाच घाबरतात. अन् कोणी इचारलंबी नाही."

त्याच वेळी सांगायला पाहिजे होतं. मी काय म्हणालो? "थोडं काम राह्यलं, काकाजी. परवा या." ते बरं म्हणाले. या माणसानं आयुष्यात कोणाला उलट प्रश्न केला असेल असं मला वाटत नाही. बैलगाडी वळवून ते गेले आणि मी मोटारसायकलला किक मारली.

लॉनवर लग्नाची तयारी चालली होती. नांगर गेटाशी होता, पण फाळासकट सिमेंटमध्ये गाडलेला. माझा तो फाळ, रंग पाहून पाणी दिलेला, नाकापर्यंत काँक्रीटमध्ये. रुमण्यावर सोन्याच्या रंगाचे दोन-तीन हात मारले होते. ठिपके कुठं आहेत ते बोटानं चाचपावं लागलं. पाटीवर बापाचं नाव नव्हतं. लॉनवाल्याला विचारलं तर म्हणाला, "डिझाइनवाला बोला, बोर्ड पर नाम से भीड़ हो जाती है." मी म्हणालो, नांगर परत द्या, घेतलं ते सगळं परत करतो. तो हसला. "मिस्त्रीजी, ते आता फोडल्याशिवाय निघत नाही. आज माझ्याकडं बारात आहे." चौकीदारानं मला गाडी गेटापासून बाजूला घ्यायला सांगितलं, फुलांची कमान उभी करायची होती. मी घेतली बाजूला. काय करणार होतो? त्याच्या अंगावर धावून जाणार होतो? नांगर मीच गोधडी घालून पाठवला होता.

मग मी आणखी एक खोटं बोललो, आणि त्यावर तिसरं. तिसऱ्या दिवशी काकाजी आले, म्हटलं, बोल्ट मिळाला नाही. पुन्हा आले, म्हटलं, उद्या नक्की. त्यांना दुसरीकडून नांगर मागता आला असता, तिगावच्या बाजूला कोणाकडं तरी होता. पण मी उद्या-उद्या करत होतो आणि ते माझ्या शब्दावर झाडं तहानलेली ठेवून बसले होते. बायको रोज एकच बोलायची, "जा अन् सांगून टाका. तोंडात काय मूग धरले?" मी तिच्यावर खेकसायचो. इकडून दांडा, तिकडून फाळ, असा एक नांगर मी जोडत होतो. बिडाचा तुकडा काही मिळाला नाही. काकाजींचा जुना, चीर गेलेला, दुकानात पडून होता. त्यालाच पितळेचा टाका मारला. वरून असा सफाईदार दिसत होता, की दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. मला कळत होतं. बापानं तो माझ्या डोक्यात घातला असता.

असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी मी तो नांगर घेऊन बागेत गेलो. बाग पाहिली. पानं वळायची पायरी ओलांडून गेली होती, झाडांखाली सडा पडला होता, काही शेंडे तपकिरी झाले होते. काकाजींनी बैल जुंपले. रुमणं धरायला गेले तर ते त्यांच्या छातीला लागलं. माप घ्यायला मला सुचलंच नव्हतं. त्यांनी एकदा रुमण्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि हात वर करून तसेच चालू लागले. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. तिसऱ्या ओळीत फाळ मुळीत अडकला आणि तुकडा फुटल्याचा आवाज झाला. मोठा आवाज नव्हता. बैल आपोआप थांबले.

तिथं नांगराच्या तासात उभं राहून मी सगळं सांगितलं. पोळा, लॉन, पाटी, सिमेंट. सांगताना मला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता, की म्हाताऱ्यासमोर रडून आता त्याच्याकडून माफीही उकळतोस काय, हरामखोरा. काकाजी शिव्या देतील म्हणून मी थांबलो. एखादी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी खाली वाकून तुटलेला तुकडा उचलला, पितळेच्या टाक्यावरून अंगठा फिरवला.

"त्या रुमण्यावर तीन ठिपके होते," ते म्हणाले. "पाह्यले होते ना तू?"

"हाव, काकाजी. पाह्यले होते."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि बैल सोडायला लागले.

त्याच दिवशी बिनानांगरणीचं पाणी सोडलं. काकाजी आणि काकूंनी फावड्यानं जेवढं होईल तेवढं खोदलं. मी दोन दिवस गेलो मदतीला, तिसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "तुमचं दुकान बंद राह्यते, भाऊ. नका येऊ." अहो-जाहो केलं त्यांनी. आजवर मला अरे म्हणत होत्या. फूल आलं, पण ठिगळाठिगळानं. अर्धी बाग फुललीच नाही, आणि शेंड्याकडून वाळलेल्या फांद्या छाटल्यावर झाडं बोडकी दिसायला लागली. त्या डब्यातलं पाकीट मी नेऊन दिलं. त्यांनी घेतलं. मोजलंही नाही, देवळीत ठेवून दिलं.

यंदा पोळा भरला. मी तोरणाजवळ जाऊन उभा राहिलो. रांग आली, डफडं वाजलं, शेवटची जोडी तोरणाखालून गेली. काकाजींची नव्हती. शेजारचा तंबाखू मळायला लागला. मी त्याला म्हणालो, "थुंक तो तंबाखू अन् चाल माह्या संगं." तो नाही आला. मी एकटाच गेलो.

गोठा झाडून-सारवून स्वच्छ होता. दोन खुंटे रिकामे, त्यांना हळदकुंकू लावलेलं, दावी धुऊन खुंट्यांवरच गुंडाळून ठेवलेली. काकाजी ओट्यावर बसले होते. सणाचा दिवस, म्हणून काकूंनी माझ्यासमोरही पान मांडलं, पुरणाची पोळी वाढली, वर तूप सोडलं. मी पोळीचा तुकडा मोडला. शेवटी मी विचारलं, जरा मोठ्यानंच विचारलं गेलं, "काकाजी, बैल कुठी गेले?"

"इकले," ते म्हणाले. "मागच्या बुधवारी. नांगर नाही, तं बैल ठेवून काय करू? बसून खाणाऱ्याले कोण पोसते?"

मग त्यांनीच मला विचारलं. टोमणा मारायचा त्यांचा स्वभावच नव्हता. त्यांना खरोखरच काहीतरी जाणून घ्यायचं होतं, असा त्यांचा आवाज होता, आणि तो इतका हळू होता, की मला पुढं वाकावं लागलं.

"आता इचारून राह्यला का, बाबू?"